हवामास्तर

धुरी पहिल्यांदा आमच्या घरात आले ते बूट न काढताच. दाराशी टाकलेल्या गोणपाटावर त्यांनी ते तीनदा पुसले खरे, पण काढले नाहीत. बाहेरच्या खोलीत बरोबर मधे उभं राहून त्यांनी पिशवीतून लाकडी मुठीचं एक यंत्र काढलं आणि जत्रेतलं भिरभिरं फिरवावं तसं ते डोक्याच्या बाजूला गरगर फिरवायला लागले. मी हातात लाटणं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. मिनिटभराने थांबले, यंत्र डोळ्यांजवळ नेलं, काहीतरी पुटपुटले आणि म्हणाले, "वहिनी, हे पावसाचं पाणी नाही. हा तुमचा भात आहे."

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदचा सुमार असेल. गिरगावातली दहा बाय दहाची खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला, खारी गावाला लागून उठलेल्या एका चार मजली बिल्डिंगमध्ये राहायला आलो होतो. स्वतःचा संडास, स्वतःचा नळ आणि खिडकीतून दिसणारी मिठागरं, यांचं कौतुक पहिल्या उन्हाळ्यापुरतं टिकलं. पावसाळा आला आणि भिंतींना काळे डाग पडले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बिल्डरचा उद्धार झाला, वर्गणी काढून वकील करायचं ठरलं, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा होता. कचेरीत मी टायपिस्ट. बिल्डरला पाठवायच्या नोटिशीचा मसुदा मी तीन प्रतींत टाइप करूनही ठेवला होता.

तळमजल्यावरचे धुरी मीटिंगला आले नव्हते. आले ते थेट दुसऱ्या दिवशी, आमची भिंत बघायला. "भात" म्हटल्यावर मी जे तोंड केलं असेल ते बघून त्यांनी वाद घातला नाही. हातभर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घेतला, डाग पडलेल्या भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवला आणि निघताना म्हणाले, "दोन दिवस हात लावू नका. भिंत ओली असेल तर पाणी प्लास्टिकच्या आतल्या अंगाला धरेल. घर ओलं असेल तर बाहेरच्या. मी सांगत नाही, तुम्हीच बघा."

दोन दिवसांनी प्लास्टिकची आतली बाजू कोरडी ठणठणीत होती. बाहेरच्या बाजूला थेंब. खिडक्या लावून मी खोलीतच दोरीवर कपडे वाळत घालत होते, आणि भाताची वाफ दाटत होती ती निराळीच. आमच्या भिंतीपुरता तरी बिल्डर निर्दोष होता. मी ती नोटीस फाडली आणि चार दिवस धुरींशी बोलले नाही. माणूस चुकीचा निघाला तर माफ करता येतं. बरोबर निघालेल्याला माफ करणं फार जड जातं.

धुरी लालबागकडच्या एका गिरणीत सव्वीस वर्षं हवेच्या खात्यात होते. असं खातं असतं हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. सूत कातायच्या आणि विणायच्या खात्यात हवा सुकी झाली की धागा तटातट तुटतो. म्हणून मोठाले पंखे लावून, पाण्याचे फवारे मारून तिथली हवा ठरावीक ओली ठेवावी लागते. ती ओल सांभाळणं हे धुरींचं काम. ते भिरभिरं म्हणजे दोन थर्मामीटर. एकाच्या बुडाला ओली वात बांधलेली, दुसरं कोरडं. फिरवलं की ओल्याचा पारा खाली जातो, आणि दोघांत किती अंतर पडलं त्यावरून हवेत पाणी किती ते कळतं. "दोघांत अंतर पडलं की हवा सुकी. अंतर मिटलं की ओली. नवराबायकोसारखंच आहे," असं ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत. धुरीकाकू प्रत्येक वेळी म्हणत, "तुमचं सांगून झालं असेल तर जेवायला बसा."

गिरणी बंद पडली, फंडाचे पैसे आले, त्यातून त्यांनी इथे जागा घेतली. बाकीचे गिरणीवाले गिरणीच्या आठवणी काढून हळहळायचे. धुरी हळहळले नाहीत. "खातं बंद झालं, हवा थोडीच बंद झाली?" म्हणायचे. गिरणीत मास्तर म्हणजे खात्याचा साहेब. धुरी तिथे साधे फिटर होते. पण आमच्या बिल्डिंगने त्यांना परस्पर बढती दिली. त्यांचं नाव पडलं हवामास्तर.

त्यांचे नियम होते. कामाला जाताना पायात बूट. "अनवाणी माणूस खात्यात शिरला की अपघात ठरलेला." पूजेला किंवा जेवायला आले तर बाहेर काढत; पण हातात पिशवी असली की ते कामावर, आणि मग तुमची फरशी कालच पुसलेली असो की देव्हारा समोर असो, बूट पायातच. दुसरा नियम, अंदाज सांगायचा नाही. "आज काय उकडतंय हो!" असं कोणी म्हटलं की "किती?" असं विचारायचे. वरच्या मजल्यावर सत्यनारायण होता तेव्हा ऐन कथेत उठून त्यांनी भिरभिरं फिरवलं आणि गुरुजींना सांगितलं की माणसं चाळीस आणि खिडकी एक, पाचवा अध्याय जरा आवरता घ्या. गुरुजींनी घेतला. प्रसादाच्या वेळी सगळ्यांनी हवामास्तरांचे मनातल्या मनात आभार मानले.

आणि त्यांना कधी शंका म्हणून येत नसे. एवढ्या खात्रीचा माणूस मी पुढे पाहिला नाही. म्हणूनच अनुबायची गोष्ट सांगायची.

आमची बिल्डिंग उभी होती ती जमीन अनुबायची. खारी गावातलं जुनं आगरी घर. भातशेती होती, मिठागरात वाटा होता, विहीर होती, आणि विहिरीच्या अंगाला दहा-बारा पांगाऱ्यांवर चढवलेली छोटी पानमळी. सगळं बिल्डरला गेलं. बदल्यात तिसऱ्या मजल्यावर दोन ब्लॉक मिळाले. एकात मुलगा काशीनाथ आणि त्याचं कुटुंब, दुसऱ्यात अनुबाय एकटी. सत्तरीची बाई, कपाळावर मोठं कुंकवाचं गोंदण, आवाज असा की ती तिसऱ्या मजल्यावरून बोलली की तळमजल्यावर उत्तर द्यावंसं वाटे. ती सगळ्यांना अरेतुरे करी. त्यांच्या बोलीत अहोजाहोची पद्धतच नाही, हे आम्हा गिरगावकरांना कळायला वर्ष गेलं.

एका सकाळी तिने धुरींना जिन्यातच गाठलं. मी दूध घेऊन वर चढत होते.

"ए, तो हवा बगनारा तूच का?"

सव्वीस वर्षं 'धुरीभाऊ' ऐकलेल्या माणसाचे कान लाल झाले. "हो. मीच."

"माजी वेल सुकते. वर ये नि बग."

वेल म्हणजे नागवेल. घर पाडायच्या आदल्या दिवशी अनुबायने पानमळीतल्या एका वेलीचा खालचा तुकडा मुळांसकट काढला आणि मातीने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात लावून वर आणला. सोबत टेकूला पांगाऱ्याची एक फांदी. ही वेल तिच्या सासूने वसईहून माहेरची म्हणून आणलेली, आणि सासूने मरताना अनुबायच्या हवाली केलेली. पण तिसऱ्या मजल्याची गॅलरी पश्चिमेला. दुपारचं ऊन आणि खाडीकडून येणारा खारा वारा. पानांच्या कडा करपून कागदासारख्या झाल्या होत्या.

आम्ही वर गेलो तेव्हा काशीनाथ दारात उभा होता. तो वाईट मुलगा नव्हता, आईला जपायचा. म्हणाला, "आये, बाजारान पानं भेटतान. रोज आनून देतो. कशाला जीव काढतेस?"

अनुबाय त्याच्याकडे न बघता धुरींना म्हणाली, "जमीन इकली. घर इकलं. आंगठा मीच लावला, कोनी हात धरून न्हाय लावला माजा. पन वेल न्हाय इकली मी. ती जगली पायजे."

एवढंच बोलली. त्या बाईचं काय पणाला लागलंय हे कळायला मला तेवढं पुरलं. धुरींनाही पुरलं असावं, कारण त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि बाह्या वर केल्या.

आतल्या खोलीत, जिथे ऊन येत नव्हतं, तिथे त्यांनी तंबू उभा करायचं ठरवलं. चार बांबू, पुरुषभर उंची, भोवती दुधी प्लास्टिक. आतल्या दोन बाजूंना गोणपाटं टांगायची आणि त्यांची खालची टोकं पाण्याच्या पन्हळीत सोडायची, म्हणजे गोणपाट आपोआप पाणी वर ओढेल आणि हवा ओली राहील. "थर्मामीटरच्या वातीचंच तत्त्व," धुरी म्हणाले. सामान घेऊन ते खोलीत शिरणार तोच अनुबाय दारात आडवी झाली.

"बूट काढ."

"बाय, मी कामावर आहे."

"पानमल्यान पायतान घालून जात न्हाय कोनी. माजा नवरा पन न्हाय गेला."

"हा पानमळा नाही, खोली आहे. आणि कामावर बूट लागतात."

"वेल हाय तिथं पानमला हाय."

मला वाटलं आता काम मोडतं. शेवटी काशीनाथने तोड काढली: बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधायच्या. धुरी पिशव्यांचा चरचर आवाज करत चार दिवस खोलीत वावरले आणि अनुबाय चार दिवस त्यांच्या पायांकडे बघत बसली. तंबू मात्र असा केला की बघत राहावं. प्रत्येक सांध्यावर चिकटपट्टी. खारा वारा येतो म्हणून खोलीची खिडकी त्यांनी लावून घेतली, आणि ती वाऱ्याने उघडते म्हणून चौकटीत तीन इंची तीन खिळे ठोकले. आत दोन थर्मामीटर टांगले. दोघांत एक अंशाचं अंतर. धुरींनी ते मलाही दाखवलं.

"विणकाम खात्यात ऐंशी टक्के ठेवायचो. हिला नव्वद दिलेत. मुंबईच्या एकाही गिरणीत अशी हवा नव्हती, वहिनी."

पहिले पंधरा दिवस वेलीने त्यांचा मान राखला. करपलेली पानं गळली, नवी आली, कोवळी, तेल लावल्यासारखी. बिल्डिंगमधली माणसं बघायला येऊन गेली. पाणी तेव्हा दिवसाआड यायचं, तेही अर्धा तास. तरी प्रत्येक मजल्यावरून एकेक कळशी अनुबायच्या पन्हळीसाठी जाऊ लागली. मीही दिली. चार दिवसांच्या अबोल्यातला उरलासुरला कडूपणा तिथे संपला.

मग एक दिवस पानांवर काळे ठिपके दिसले. दोन दिवसांत ठिपक्यांचे डाग झाले, बुंध्याजवळची वेल बोटाने दाबली तर मऊ लागायला लागली, आणि तंबूचा पडदा बाजूला केला की कुबट वास यायला लागला. धुरींनी पारे पाहिले. अंतर एक अंश. बरोबर. त्यांनी गोणपाटं बदलली, पन्हळ धुतली, आणखी एक गोणपाट वाढवलं. डाग वाढतच गेले.

त्या दिवशी मी तिथे होते. अनुबाय तंबूशेजारी जमिनीवर बसली होती. म्हणाली, "गुदमरली ती."

"असं कसं होईल? पारे बघ. हवा बरोबर आहे," धुरी म्हणाले.

"मला पारे न्हाय कलत. माज्या मल्यान वारा यायचा. थोराच, पन यायचा. पान हलायचं. हितं पान हलत न्हाय. तू तिचं तोंड बांधलंस."

धुरी वळले. पिशवीही न उचलता जिना उतरले. मला वाटलं, रागावले. बरोबर ठरायची सवय लागलेला माणूस, त्याला एका अंगठाबहाद्दर बाईने चूक म्हटलं.

दोन दिवस ते दिसले नाहीत. मी खाली चौकशीला गेले तर धुरीकाकू म्हणाल्या, "जेवत नाहीत. नुसते खिडकीपाशी बसलेत. विचारलं तर म्हणतात, गणू. कोण हा गणू, देव जाणे."

तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात पावलं ऐकू आली, पण हळू, थांबत येणारी, म्हणून ओळखू आली नाहीत. दार उघडून बघितलं तर धुरी वर चालले होते, हातात हातोडी आणि पक्कड. मी मागोमाग गेले. खोटं कशाला बोलू, मला भांडण बघायचं होतं.

अनुबायच्या दाराशी ते थांबले. खाली वाकले, नाड्या सोडल्या, बूट काढून भिंतीशी जोडीने ठेवले. मोजेही काढले. त्यांची पावलं पांढरीफटक होती, वर्षानुवर्षं बुटात राहिलेली. अनुबायने ती बघितली आणि बाजूला झाली.

ते आधी तंबूकडे गेलेच नाहीत. खिडकीकडे गेले आणि खिळे काढायला लागले. पहिला निघाला. दुसरा वाकला. तिसरा काही केल्या येईना. पक्कड घसरली आणि त्यांचं बोट चिरलं. मी म्हटलं, "काका, राहू दे, काशीनाथ काढेल."

"मीच ठोकलाय," ते म्हणाले, आणि पाठमोरे राहूनच बोलायला लागले. "गिरणीत पण ठोकले होते, वहिनी. कातायच्या खात्यात तिसऱ्या खिडकीशी गणू म्हणून एक होता. तो खिडकी उघडायचा. रोज. बाहेरची हवा आत आली की माझे पारे बिघडायचे, सूत तुटायचं. मी बंद करायचो, तो उघडायचा. मला म्हणाला, धुरीभाऊ, सुताला दम लागत नाही, आम्हाला लागतो. मी साहेबाला त्याचं नाव दिलं. सात दिवस घरी बसवलं त्याला. आणि खिडकीला तीन खिळे ठोकले."

तिसरा खिळा निघाला. त्यांनी खिडकी ढकलली.

"सव्वीस वर्षं माझी हवा बरोबर होती. सूत तुटलं नाही. माणसं खोकत होती, ते पाऱ्यावर दिसत नव्हतं. म्हणून मी बघितलं नाही."

त्या क्षणी मला त्या माणसाची फार दया आली, आणि फार आदरही वाटला. उमर उलटल्यावर, तेही दोन बायकांसमोर, असं कोण बोलतं? अनुबाय उठली, हळद आणली आणि त्यांच्या बोटावर दाबली. "आता वेलीकडं बग," म्हणाली. "ती अजून हाय."

होती ती एवढीच: वरच्या टोकाकडचा वीतभर तुकडा, दोन पेरं, दोन पानं. बाकी सगळी सडली होती. अनुबायने विळ्याने नाही, नखाने तो तुकडा खुडला आणि नव्या डब्यात, नव्या मातीत एक पेर खाली ठेवून लावला. धुरींनी तंबू सोडला आणि पुन्हा बांधला. या वेळी सांगत होती अनुबाय आणि करत होते धुरी. खालच्या दोन बाजूंना हातभर फटी ठेवून त्यांवर मच्छरदाणीचं कापड लावलं. गार हवा तिथून शिरावी म्हणून. वर मधोमध भोक ठेवलं आणि तिथून पत्र्याचा पाइप खिडकीवरच्या झरोक्यातून बाहेर काढला. तापलेली, कोंदलेली हवा आपणच वर चढून निघून जाते. पंखा नाहीच. भाईंदरला तेव्हा वीज मनाला येईल तेव्हा जायची, आणि पंख्यावर भरवसा ठेवलेली वेल त्या दिवशी मेली असती. वरच्या भोकावर दोरीने ओढायची कापडी झडप. खारा वारा सुटला की झडप अर्धी, संध्याकाळी वारा पडला की पूर्ण उघडी. गोणपाटं तिनाऐवजी एक, आणि पाणी फक्त सकाळी; रात्री पान ओलं ठेवायचं नाही.

"किती वारा पाहिजे?" धुरींनी विचारलं. सवयच ती.

अनुबायने विचार केला. "पान हललं पायजे. वेल न्हाय."

धुरींनी पिशवीतून वही काढली आणि हे वाक्य लिहून घेतलं. मी स्वतः पाहिलं. आकड्यांच्या त्या वहीत अक्षरं असलेलं ते बहुधा पहिलंच पान.

पुढचे वीस-बावीस दिवस वाट बघण्यात गेले. धुरी सकाळ-संध्याकाळ वर जायचे, दाराशी बूट काढायचे, आत बसायचे. आता पारे दोन-अडीच अंशांचं अंतर दाखवत होते, पण ते पाऱ्याकडे दुसऱ्यांदा बघत. पहिल्यांदा पानाकडे. एक पान पिवळं पडून गळलं. उरलं एक. मी कचेरीतून येताना आधी तिसऱ्या मजल्यावर डोकावून मग घरी जायची. आमच्या ह्यांनी विचारलं, "तिकडे पाळणा हलायचाय का?" मी म्हटलं, तसंच समजा.

एका रविवारी सकाळी अनुबायची हाक सगळ्या बिल्डिंगने ऐकली. "ए हवामास्तर! वर ये!" पेराजवळ मोहरीएवढा हिरवा डोळा फुटला होता. धुरी तो बघत किती वेळ उकिडवे बसले होते देव जाणे. उठताना गुडघे धरले तेव्हा काशीनाथने हात दिला. त्यांचा चेहरा ओला होता, आणि त्याला हवेतली ओल कारण नव्हती.

वेल जगली. पुढच्या वर्षी तंबू अपुरा पडला, त्याच्या पुढच्या वर्षी प्लास्टिकच काढून टाकलं. खिडकीच्या ग्रीलवर चढून तिने खोलीतच सावली केली होती आणि आपली हवा आपणच सांभाळायला लागली होती. पहिलं पान अनुबायने देवापुढे ठेवलं, दुसरं धुरींना दिलं. ते पान खात नसत. त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात, वहीत घालून ठेवलं. नंतर बिल्डिंगमध्ये कोणाकडे बारसं, लग्न, साखरपुडा असला की विड्याची पानं तिसऱ्या मजल्यावरून यायची. खारीच्या जुन्या घरांतल्या बायका फांद्या मागायला यायच्या, अनुबाय द्यायची, पण आधी विचारायची, "खिडकी हाय का? उघडते का?"

धुरींनी आणखी पुष्कळ उद्योग केले. नवघरच्या एका पापडवालीची वाळवणाची खोली सुधारली, एका शिंप्याच्या माळ्यावरची कोंदट हवा बाहेर काढली. पण आता कुठेही गेले की पहिला प्रश्न "किती?" नसे. "इथे कामाला कोण बसतं?" हा असे. त्या माणसाच्या जागी आधी स्वतः पाच मिनिटं बसायचे, आणि मग पिशवी उघडायची. खात्री तीच होती, आवाजही तोच. फक्त मधे ती पाच मिनिटं आली होती.

त्यांचा स्वतःचा खोकला तेव्हाच सुरू झाला होता, किंवा आधीपासून असेल. सव्वीस वर्षं तेही त्याच हवेत होते. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा एक जिना चढायला त्यांना दोनदा थांबावं लागे. डॉक्टरांनी सांगितलं, हवा बदला, गावी जा. "हवा बदला म्हणे," ते मला म्हणाले. "आयुष्यभर दुसरं काय केलं मी?" आणि हसता हसता खोकत बसले.

निघायच्या दिवशी खाली जीप उभी होती, काकू सामान मोजत होत्या. धुरी म्हणाले, जरा वर जाऊन येतो. मी सोबत गेले, कारण त्यांना एकट्याला जाऊ द्यायचा धीर नव्हता. तीन मजले चढायला पाव तास लागला. दाराशी त्यांनी बूट काढून भिंतीशी जोडीने ठेवले. आत स्टुलावर बसले. खिडकी उघडी होती. अनुबायने एक पान पुसून हातात दिलं, त्यांनी खिशात ठेवलं. वेलीचं एक पान हलत होतं. दोघं त्याच्याकडे बघत होते.

मग खालून हॉर्न वाजला आणि आम्ही उतरलो. मी त्यांचा दंड धरला होता, माझं सगळं लक्ष त्यांच्या श्वासाकडे. ते जीपमध्ये चढले, ड्रायव्हरने धुळीसाठी वर केलेली काच त्यांनी आधी खाली घेतली, आणि तेव्हा मला दिसलं की त्यांचे पाय अनवाणी आहेत. ती पांढरी पावलं. मी हाक मारणार तेवढ्यात जीप वळली. विसरले की ठेवले, मला आजही सांगता येणार नाही. एवढं मात्र खरं की तो माणूस कधी काही विसरत नसे.

श्रावणात काकूंचं पत्र आलं, धुरी गेल्याचं. मी ते घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेले. वाचून दाखवलं. अनुबाय ऐकत होती, हातातलं पान पुसत होती. काशीनाथ दाराशी उभा होता. बूट अजून तिथेच होते, भिंतीशी, जोडीने, आणि त्यांच्यावर धूळ नव्हती. त्याने हळूच विचारलं, "आये, ते बूट काढून ठेवू का आता?"

"हात नको लावू," अनुबाय म्हणाली. "आत हाय तो."